कोळशाचे पेट्रोल आणि जर्मन विमानदल

दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानदलाने, म्हणजे लुफ्तवाफने, जाळलेल्या पेट्रोलचा मोठा भाग तेलविहिरींतून आलेला नव्हता. तो कोळशापासून कारखान्यांत तयार झाला होता. १९४४ च्या आरंभी तर विमानांच्या पेट्रोलपैकी ९० टक्क्यांहून अधिक पेट्रोल कृत्रिम होते आणि ते पुरवणारे महत्त्वाचे कारखाने डझन-दीड डझनांच्या वर नव्हते. हे कारखाने चालू होते तोवर लुफ्तवाफ लढत राहिले. ते बंद पडू लागल्यावर कोरी करकरीत विमाने धावपट्टीच्या कडेला उभी राहिली.

जर्मनीला कोळशाची ददात नव्हती. रूर आणि सायलेशियात दगडी कोळसा होता, मध्य जर्मनीत लिग्नाइटचे विस्तीर्ण साठे होते. खनिज तेल मात्र हॅनोव्हरच्या परिसरात थोडेफार निघे. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर त्सिस्टर्सडॉर्फच्या विहिरी हाती आल्या, पण गरजेच्या मानाने तेही नगण्यच होते. त्या वर्षी जर्मनीचा तेलाचा एकूण खप सुमारे ४ कोटी ४० लाख पिंपांचा होता आणि त्यातली जवळजवळ २ कोटी ८० लाख पिंपे जहाजांनी समुद्रापलीकडून येत होती. ब्रिटिश आरमाराने समुद्र रोखला की हा पुरवठा एका दिवसात तुटणार, हे समजायला सेनापती असण्याची गरज नव्हती. पहिल्या महायुद्धातील नाकेबंदी जर्मन अधिकाऱ्यांच्या पक्क्या स्मरणात होती.

या अडचणीवरचा उपाय रसायनशास्त्राने आधीच शोधून ठेवला होता. फ्रीडरिश बेर्गियस याने १९१३ मध्ये कोळशापासून द्रव इंधन बनवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. कोळशाची पूड जड तेलात कालवून तिचा लगदा करायचा, तो जाड पोलादी भांड्यांत भरायचा आणि चारशे अंशांहून अधिक तापमानाला, वातावरणाच्या दोनशे पटींहून अधिक दाबाखाली त्यात हायड्रोजन वायू मुरवायचा, ही त्या पद्धतीची रूपरेषा. कागदावर ती सोपी वाटते, पण एवढा दाब महिनोन्‌महिने सोसणारी भांडी, पंप आणि नळ बनवणे हे वेगळेच शास्त्र होते. ते कार्ल बॉश याला अवगत होते, कारण हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया बनवताना त्याने हेच प्रश्न सोडवले होते. १९३१ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले. त्याआधीच, १९२७ मध्ये, आय. जी. फार्बेन या अवाढव्य रसायन कंपनीने मेर्सेबुर्गजवळच्या लॉयना येथील कारखान्यात लिग्नाइटपासून पेट्रोल काढायला सुरुवात केली होती. अमेरिकेच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीलाही या तंत्राचा एवढा मोह पडला की १९२९ मध्ये जर्मनीबाहेरील हक्कांसाठी तिने सुमारे साडेतीन कोटी डॉलर किमतीचे शेअर मोजले.

व्यापार म्हणून मात्र हा धंदा आतबट्ट्याचाच होता. एक टन पेट्रोल मिळवायला भट्ट्यांसह सगळा हिशेब धरून चार-पाच टन कोळसा लागे. १९३० मध्ये पूर्व टेक्सासात तेलाचे प्रचंड क्षेत्र सापडले, त्यात मंदी होतीच आणि जगभर तेलाचे भाव कोसळले. बाहेरचे पेट्रोल स्वस्त आणि लॉयनाचे कितीतरी महाग, अशी स्थिती झाली. कंपनीत हा उद्योग गुंडाळण्याची चर्चा सुरू झाली. त्याला तारले ते नव्या नाझी राज्यकर्त्यांनी. १४ डिसेंबर १९३३ रोजी जर्मन सरकार आणि आय. जी. फार्बेन यांच्यात करार झाला. कंपनीने उत्पादन वर्षाला साडेतीन लाख टनांपर्यंत वाढवायचे आणि सरकारने दहा वर्षे ठरलेल्या भावाची हमी द्यायची, असे ठरले. बाजारात न टिकणारी वस्तू युद्धाच्या तयारीसाठी टिकवली गेली. पुढच्याच वर्षी लिग्नाइट कंपन्यांना सक्तीने एकत्र आणून ब्राबाग ही दुसरी कंपनी उभारण्यात आली. १९३६ च्या चतुर्वार्षिक योजनेत कृत्रिम पेट्रोलला अग्रक्रम मिळाला. योजनेचा प्रमुख हेरमान गोरिंग हाच विमानदलाचाही प्रमुख होता आणि रसायन विभाग पाहणारा कार्ल क्राउख हा आय. जी. फार्बेनचाच माणूस होता.

कोळशापासून इंधन बनवण्याची दुसरीही एक पद्धत जर्मनीत होती. म्युलहाइमच्या संशोधन संस्थेत फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श यांनी १९२० च्या दशकात ती विकसित केली होती. तिचे कारखानेही उभे राहिले, पण त्यांतून मुख्यतः डिझेल, मेण आणि वंगणतेल मिळे. विमानाच्या इंजिनाला चालेल असे पेट्रोल त्या मार्गाने मिळत नसे. म्हणून रणगाडे आणि मालमोटारी अनेक झऱ्यांवर जगू शकत, तर विमानांचा भार जवळजवळ एकट्या बेर्गियस पद्धतीवर पडला. लॉयना, प्योलित्स, ब्योलेन, त्साइट्स, माग्देबुर्ग, ल्युत्स्केनडॉर्फ, रूरमधील गेल्सेनबेर्ग आणि शोल्व्हेन, कोलोनजवळचे वेसेलिंग, बोहेमियातील ब्रुक्स, वरच्या सायलेशियातील ब्लेशहामर ही त्या पद्धतीच्या कारखान्यांतली ठळक नावे. याच कारखान्यांतून मिथेनॉल आणि स्फोटकांसाठी लागणारी नायट्रोजन संयुगेही निघत, ही बाब पुढे महत्त्वाची ठरली.

विमानाचे पेट्रोल म्हणजे केवळ जळणारे द्रव नव्हे. इंजिनात जास्त दाब द्यायचा तर पेट्रोल अवेळी भडकता कामा नये, आणि हा गुण ऑक्टेन अंकाने मोजतात. लुफ्तवाफचे नेहमीचे पेट्रोल बी-४ हे ८७ ऑक्टेनचे असून निळ्या रंगाने ओळखले जाई. सी-३ हे वरच्या प्रतीचे पेट्रोल हिरवे असे. अंक वाढवण्यासाठी दोहोंत टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग मिसळावे लागे. १९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटिश लढाऊ विमाने १०० ऑक्टेनच्या पेट्रोलवर उडत होती. जर्मन अभियंत्यांनी ही उणीव इंजिनाच्या आकाराने भरून काढली. मेसरश्मिट १०९ च्या डाइमलर-बेंझ इंजिनाची क्षमता जवळजवळ ३४ लिटर होती, तर स्पिटफायरच्या मर्लिनची २७ लिटर. पुढे बी-४ वापरणाऱ्या इंजिनांत पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण फवारून काही मिनिटे जादा ताकद काढण्याची युक्तीही निघाली. ते मिथेनॉलही पुन्हा त्याच कारखान्यांतले. फॉके-वुल्फ १९० च्या बी. एम. डब्ल्यू. इंजिनाला मात्र सी-३ च लागे. त्यामुळे नुसता एकूण साठा पाहून भागत नसे. कोणत्या विमानतळावर कोणते पेट्रोल पोहोचले यावर तिथली तुकडी उडणार की नाही हे ठरे.

युद्धाची पहिली दोन वर्षे या सगळ्याची झळ लागली नाही. युद्ध सुरू झाले तेव्हा सगळ्या प्रकारच्या इंधनाचा मिळून सुमारे दीड कोटी पिंपांचा साठा हाताशी होता. पोलंड, नॉर्वे, फ्रान्स या मोहिमा आठवड्यांत आटोपल्या आणि पश्चिमेच्या मोहिमांत खर्च झाला त्याहून अधिक तेल लुटीत मिळाले. सोव्हिएत रशियाशी झालेल्या करारामुळे १९४० मध्ये सुमारे चाळीस लाख पिंपे तेल पूर्वेकडून आले, आणि त्याच रशियावर १९४१ च्या जूनमध्ये चाल करताना त्या तेलाचाही उपयोग झाला. रुमानियातून १९३८ मध्ये २८ लाख पिंपे येत होती, ती १९४१ मध्ये सव्वा कोटीच्या वर गेली. छोट्या, झटपट मोहिमा आणि मधल्या विश्रांतीत साठा भरून काढणे, हे गणित तोवर जुळत होते. रशियातील मोहीम हिवाळ्यापलीकडे लांबली आणि ते बिनसले.

१९४२ च्या उन्हाळ्यात जर्मन सैन्य कॉकेशसकडे वळले ते मुख्यतः तेलासाठी. तेलक्षेत्रे पुन्हा चालू करण्यासाठी तंत्रज्ञांची खास तुकडी सैन्यामागे होती. ऑगस्टमध्ये मायकोप हाती लागले, पण माघार घेणाऱ्या रशियनांनी विहिरी निकामी करून ठेवल्या होत्या आणि तिथून कामापुरतेही तेल मिळाले नाही. ग्रोझ्नी आणि बाकू दूरच राहिले. जी ग्रोझ्नी जिंकून तिथले तेल वापरायचे ठरले होते, तिच्याच शुद्धीकरण कारखान्यांवर ऑक्टोबरमध्ये लुफ्तवाफने बॉम्ब टाकले. ते तेल आपल्याला मिळणार नाही हे जर्मनांनीच एका अर्थी कबूल केले होते.

इंधनटंचाईचा पहिला खरा बळी याच वर्षी पडला आणि तो आघाडीवर नव्हे, तर वैमानिकांच्या शाळांत. आघाडीवरच्या तुकड्यांना पेट्रोल कमी करता येत नाही, कारखाने मागतील तेवढे देत नाहीत, तेव्हा कात्री कुठे लावायची? प्रशिक्षणाला, हेच उत्तर प्रत्येक वेळी निघाले. त्यात स्टालिनग्राडला वेढलेल्या सैन्याला हवाई मार्गाने रसद पोहोचवण्यासाठी शाळांतली युंकर्स ५२ विमाने आणि त्यांवरचे अनुभवी शिक्षक ओढून नेण्यात आले. त्या कामी पाचशेच्या आसपास विमाने गमावली गेली. आंधळ्या हवेत उपकरणांवर उडायला शिकवणारी एक पिढीच त्यांच्याबरोबर संपली. युद्धाच्या सुरुवातीला जर्मन वैमानिक सुमारे २४० तासांच्या उड्डाणानंतर तुकडीत दाखल होत असे. १९४४ च्या उत्तरार्धात हा आकडा ११० च्या आसपास आला. त्याच सुमारास ब्रिटिश आणि अमेरिकन वैमानिक तीनशेहून अधिक तास उडून मग आघाडीवर येत होते.

१९४३ हे वर्ष वरवर पाहता बरे गेले. कृत्रिम पेट्रोलचे उत्पादन वाढत होते आणि काटकसरीने विमान-पेट्रोलचा राखीव साठाही जमू लागला होता. दोस्त राष्ट्रांनी तेलावर पहिला मोठा घाव घातला तो रुमानियातील प्लोयेश्त येथे. १ ऑगस्ट १९४३ रोजी लिबियातून निघालेली १७७ अमेरिकन लिबरेटर विमाने झाडांच्या उंचीवरून शुद्धीकरण कारखान्यांवर गेली आणि त्यांतली ५४ परतली नाहीत. धाडसाची ही हद्द होती, पण काही आठवड्यांत कारखाने पूर्वीसारखे चालू झाले. प्लोयेश्तचे तेल प्रामुख्याने भूदलाच्या आणि मोटारींच्या कामी येई. कोळशाच्या पेट्रोलवर उडणाऱ्या लुफ्तवाफला त्या हल्ल्याने फारसे काही जाणवले नाही.

खरी झीज आकाशातच चालू होती. १९४४ च्या सुरुवातीपासून लांब पल्ल्याची मस्टँग विमाने अमेरिकन बाँबरच्या सोबतीला बर्लिनपर्यंत येऊ लागली. जानेवारी ते मे या पाच महिन्यांत जर्मन लढाऊ दलाने सव्वादोन हजारांहून अधिक वैमानिक गमावले, म्हणजे दलात सरासरी जेवढे वैमानिक असत जवळपास तेवढेच. त्यांच्या जागी शाळांतून येणारी मुले अर्धशिकी होती. तरीही एप्रिल १९४४ मध्ये विमान-पेट्रोलचे उत्पादन महिन्याला पावणेदोन लाख टन होते आणि राखीव साठा पाच लाख टनांच्या वर होता. लढाऊ विमानांचे कारखाने तर कधी नव्हे इतकी विमाने बाहेर टाकत होते. पुढे जे झाले ते या आकड्यांच्या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. टंचाई हळूहळू वाढत गेली नाही. ती पाच महिन्यांत कोसळल्यासारखी आली.

युरोपातील अमेरिकन बाँबर दलांचे प्रमुख कार्ल स्पाट्स यांना मार्चमध्येच तेलाच्या कारखान्यांवर तुटून पडायचे होते. नॉर्मंडीत उतरण्यापूर्वी फ्रान्समधील रेल्वे मोडून काढणे अधिक गरजेचे, असे ब्रिटिशांचे म्हणणे होते आणि २५ मार्चच्या बैठकीत दोस्तांचे सरसेनापती आयझेनहॉवर यांनी तेच मान्य केले. स्पाट्स गप्प बसले नाहीत. इटलीतून उडणाऱ्या त्यांच्या विमानांनी ५ एप्रिलला प्लोयेश्तच्या रेल्वे यार्डावर हल्ला केला. कागदोपत्री लक्ष्य यार्डच होते, पण भोवताली शुद्धीकरण कारखाने होते आणि बरेचसे बॉम्ब तिकडे पडले. याच महिन्यापासून ब्रिटिश विमाने डॅन्यूब नदीत सुरुंग टाकू लागली आणि रुमानियाचे तेल वाहणाऱ्या बजऱ्यांची वाट अवघड झाली. अखेर जर्मनीतील तेल-कारखान्यांवर थोडे हल्ले करून पाहायला स्पाट्स यांना परवानगी मिळाली.

१२ मे १९४४ रोजी इंग्लंडहून ९३५ बाँबर निघाले. लॉयना, ब्योलेन, त्साइट्स, ल्युत्स्केनडॉर्फ आणि ब्रुक्स ही त्यांची लक्ष्ये होती. जर्मन लढाऊ विमाने जिद्दीने भिडली आणि ४६ बाँबर पडले, पण लॉयना त्या दिवशी बंद पडला. शस्त्रास्त्र उत्पादनाचा मंत्री अल्बर्ट श्पेअर दुसऱ्या दिवशी लॉयनाच्या वाकलेल्या नळांच्या जंजाळातून हिंडला. तंत्रज्ञानाच्या युद्धाचा निकाल या एका दिवशी लागला, असे त्याने आठवणींत नोंदवून ठेवले आहे. २३ मे रोजी हिटलरसमोर बैठक झाली. क्राउख आणि लॉयनाचा प्रमुख हाइनरिश ब्युटेफिश दोघे तिथे होते. उद्योगपतींनी आकडे मांडले आणि हल्ले असेच चालू राहिले तर परिस्थिती हाताबाहेर जाईल असे सांगितले. पाच दिवसांनी, २८ आणि २९ मे रोजी, अमेरिकन विमाने पुन्हा आली. ३० मे रोजी एडमुंड गाइलेनबेर्ग याला कारखाने दुरुस्त करण्याचे सर्वाधिकार देण्यात आले आणि साडेतीन लाखांच्या घरात माणसे त्याच्या कामाला जुंपली गेली. विमानवेधी तोफा इतर शहरांतून काढून तेल-कारखान्यांभोवती नेण्याचे हुकूम सुटले. ते हुकूम ब्रिटिश संकेतभेदकांनी वाचले आणि घाव वर्मी बसल्याची खात्री दोस्तांना शत्रूच्याच तोंडून मिळाली.

श्पेअरने हिटलरला पाठवलेल्या अहवालांतले आकडे बोलके आहेत. हल्ल्यांपूर्वी विमान-पेट्रोलचे रोजचे उत्पादन ५,८५० टन होते. २२ जून रोजी ते ६३२ टनांवर आले. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात हल्ले थोडे ओसरताच ते पुन्हा वर चढले आणि १७ जुलैला २,३०७ टन झाले. चारच दिवसांनी, २१ जुलैला, ते १२० टन होते. महिन्यांच्या हिशेबाने एप्रिलमधील १,७५,००० टनांचे कृत्रिम विमान-पेट्रोल जुलैत ३०,००० आणि सप्टेंबरमध्ये ५,००० टनांवर आले. मे महिन्यात लुफ्तवाफने सुमारे १,९५,००० टन पेट्रोल जाळले होते. सप्टेंबरात त्याला ६०,००० टनांवर भागवावे लागले आणि तेही बहुतांशी साठ्यातून. त्याच सुमारास प्लोयेश्तही गेले. २३ ऑगस्टला रुमानियाने बाजू बदलली आणि महिनाअखेरीस रशियन सैन्य तिथे पोहोचले.

या झगड्याचे सगळ्यात तपशीलवार चित्र लॉयनाच्या नोंदींत दिसते. जर्मनीतील कृत्रिम पेट्रोलचा हा सर्वांत मोठा कारखाना. त्याच्याभोवती विमानवेधी तोफांचे युरोपातील सर्वांत दाट कडे होते आणि विमाने दिसताच धुराचा पडदा सोडला जाई. पहिल्या हल्ल्यानंतर काही हजार माणसांनी दहा-एक दिवसांत कारखान्याचा काही भाग चालू केला. २८ मे च्या हल्ल्यानंतर ३ जूनला काम पुन्हा सुरू झाले आणि जुलैच्या आरंभी उत्पादन क्षमतेच्या ७५ टक्क्यांपर्यंत पोहोचले. ७ जुलैला पुन्हा बॉम्ब पडले. दोन दिवसांत यंत्रे हलली आणि १९ तारखेला ५३ टक्के उत्पादन होते. २० जुलैला पुन्हा बंद. २७ जुलैला ३५ टक्के. २८ आणि २९ जुलैच्या हल्ल्यांनी मात्र कारखाना बसला आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळातील पाच हल्ल्यांनी त्याला उठू दिले नाही. १४ ऑक्टोबरला तो परत सुरू झाला आणि नोव्हेंबरात २८ टक्क्यांपर्यंत गेला. एकूण २२ हल्ले झाले, त्यांतले २० अमेरिकनांचे आणि २ ब्रिटिशांचे. ६,५५२ बाँबर-फेऱ्या आणि १८,३२८ टन बॉम्ब एवढा मारा एका कारखान्यावर झाला. पहिल्या हल्ल्यापासून युद्ध संपेपर्यंत लॉयनाचे सरासरी उत्पादन क्षमतेच्या ९ टक्के राहिले.

एवढ्या बॉम्बवर्षावानंतरही कारखाना उठत होता, याचे कारण नेमबाजीत होते. ढग आणि धूर यांमुळे तेल-कारखान्यांवर टाकलेल्या दर शंभर बॉम्बपैकी ऐंशीहून जास्त कुंपणाबाहेर पडत. शिवाय प्रचंड दाब सोसणारी मुख्य भांडी मुळात इतकी दणकट होती की त्यांचे फारसे बिघडत नसे. मोडत ते नळ, विजेच्या तारा, पाण्याची जोडणी आणि वायू बनवणारे विभाग. ते जोडता येत, पण प्रत्येक जोडणी आधीपेक्षा कच्ची ठरे. एका ठिकाणचे नळ काढून दुसरीकडे बसवण्याची वेळ आली होती. दोस्तांकडूनही एक मोठी संधी हुकली. शिशाचे संयुग आणि त्याला लागणारे पूरक रसायन बनवणारे कारखाने मोजकेच होते. त्यांना लक्ष्य केले असते तर उरलेले पेट्रोलही वरच्या प्रतीच्या इंजिनांना निरुपयोगी झाले असते. ते कारखाने सुटले.

दुरुस्तीला जुंपलेल्या माणसांत परदेशांतून आणलेले वेठबिगार आणि छळछावण्यांतले कैदी मोठ्या संख्येने होते. ढिगारे उपसणे आणि न फुटलेले बॉम्ब काढणे ही कामे बऱ्याचदा त्यांच्या वाट्याला येत. त्साइट्सच्या ब्राबाग कारखान्यासाठी बुखेनवाल्डची एक उपछावणी उघडली गेली. पुढे २००२ मध्ये साहित्याचे नोबेल मिळवणारा हंगेरियन लेखक इम्रे केर्तेस किशोरवयात तिथे कैदी होता. आऊश्वित्सजवळच्या मोनोवित्स येथे आय. जी. फार्बेनने कृत्रिम रबर आणि इंधनाचा कारखाना कैद्यांकरवी बांधायला घेतला; तिथे रबर शेवटपर्यंत तयार झाले नाही. जर्मन विमानांच्या इंधनाचा इतिहास सांगताना या छावण्या बाजूला ठेवता येत नाहीत.

ब्रिटिश बाँबर दलाचे प्रमुख आर्थर हॅरिस यांचा अशा निवडक लक्ष्यांवर विश्वास नव्हता. शहरे बेचिराख करण्यानेच युद्ध संपेल असे ते धरून बसले होते. तरी जूनपासून त्यांची विमाने रात्री रूरमधील कारखान्यांवर जाऊ लागली. २१ जूनच्या रात्री वेसेलिंगवर गेलेल्या १३३ लँकेस्टरपैकी ३७ पडली. रात्री लढणाऱ्या जर्मन विमानांकडे तेव्हा अजून पेट्रोल होते. वर्षअखेरीस तसे उरले नाही.

टंचाईचे परिणाम लुफ्तवाफच्या रोजच्या कामात ठायी ठायी दिसू लागले. नव्या इंजिनाची कारखान्यातली अखेरची चाचणी दोन तासांची असे, ती ऑगस्टमध्ये अर्ध्या तासावर आली. उरलेले दोष वैमानिकाला हवेत कळत. चार इंजिनांच्या ताकदीचे हाइंकेल १७७ बाँबर पूर्व आघाडीवरून मागे घेण्यात आले, कारण त्यांची तहान भागवणे अशक्य झाले. उन्हाळ्यापासून बाँबरच्या तुकड्या एकामागून एक मोडल्या गेल्या आणि त्यांचे वैमानिक लढाऊ विमानांवर किंवा पायदळात गेले. प्रशिक्षण देणाऱ्या एका तुकडीत शिकाऊ वैमानिकाला आठवड्यात जेमतेम एक तास उडायला मिळते, असे श्पेअरच्या कानांवर आले. १९४४ या एका वर्षात जर्मनीने सुमारे ४० हजार विमाने बनवली. सप्टेंबरात तर एकट्या लढाऊ विमानांची संख्या तीन हजारांच्या आसपास होती. ती उडवायला पेट्रोल नव्हते आणि पेट्रोल असते तरी शिकलेले वैमानिक नव्हते. यातून सुटका नसलेले चक्र तयार झाले. पेट्रोल नाही म्हणून प्रशिक्षण नाही, प्रशिक्षण नाही म्हणून बाँबर अडवता येत नाहीत, बाँबर अडत नाहीत म्हणून पेट्रोल नाही.

स्फोटकांनाही याच हल्ल्यांनी ग्रासले, कारण नायट्रोजन त्याच नळांतून येत होता. तोफगोळ्यांत स्फोटकाबरोबर खनिज मीठ भरण्याची पाळी आली. दोस्तांनी हा परिणाम आधी हेरलाच नव्हता. तो त्यांच्या पदरात फुकट पडला.

शरद ऋतूतील खराब हवेने जर्मनीला थोडी उसंत मिळाली. नोव्हेंबरात विमान-पेट्रोलचे उत्पादन चाळीस हजार टनांच्या जवळ गेले. लढाऊ दलाचा प्रमुख अडॉल्फ गालान्ड याने हे पेट्रोल आणि विमाने जपून ठेवली होती. एकाच दिवशी दोन हजारांहून अधिक लढाऊ विमाने अमेरिकन बाँबरवर सोडून जबर धक्का द्यायचा, अशी त्याची योजना होती. हिटलरने तो साठा आर्डेन्सच्या चढाईसाठी वळवला. १६ डिसेंबरला निघालेल्या रणगाड्यांकडेच पुरेसे इंधन नव्हते. दोस्तांची कोठारे जिंकून पुढे जायचे असा हिशेब होता. तो फसला. १ जानेवारी १९४५ रोजी सुमारे नऊशे जर्मन लढाऊ विमाने बेल्जियम, हॉलंड आणि फ्रान्समधील दोस्तांच्या विमानतळांवर सकाळी तुटून पडली. दोस्तांची बरीच विमाने जमिनीवर जळाली, पण वैमानिक वाचले आणि विमाने थोड्याच दिवसांत बदलून मिळाली. जर्मन बाजूची तीनशेच्या आसपास विमाने गेली आणि दोनशेहून अधिक वैमानिक मारले गेले, बेपत्ता झाले किंवा पकडले गेले. अनेकांना खाली उडण्याचा किंवा मोठ्या झुंडीत दिशा राखण्याचा सराव नव्हता. काही विमाने तर स्वतःच्याच तोफांनी पाडली, कारण मोहीम गुप्त ठेवताना तोफवाल्यांनाही पुरेसे कळवले नव्हते.

मेसरश्मिट २६२ या जेट विमानाची गोष्ट निराळी होती. त्याला उच्च ऑक्टेनचे पेट्रोल लागत नसे. डिझेलच्या जातीचे जे-२ हे इंधन चाले. जेटचा आग्रह धरण्यामागे हेही एक कारण होते. पण त्याची इंजिने जमिनीवरही अफाट इंधन पीत, म्हणून आडोशातून धावपट्टीपर्यंत ते चेनच्या छोट्या केटनक्राड गाडीने ओढत नेले जाई. इंधनाअभावी इटलीत तर मोटारींना बैल जुंपलेले श्पेअरने पाहिले. सैन्याच्या मालमोटारींचा तांडा बैल ओढत चालला होता.

१९४५ च्या जानेवारीत रशियन सैन्याने वरचे सायलेशिया घेतले आणि ब्लेशहामर हातचे गेले. फेब्रुवारीत विमान-पेट्रोलचे उत्पादन सुमारे एक हजार टनांवर आले. मार्चमध्ये हिटलरने आपले उरलेसुरले चांगले रणगाडे बर्लिनकडे न आणता हंगेरीत बालाटन सरोवराकडे पाठवले, कारण तिथल्या तेलविहिरी हा शेवटचा आधार होता. दहा दिवसांत ती चढाई थांबली. एप्रिलच्या मध्यास अमेरिकन पायदळ लॉयनात शिरले.

कृत्रिम पेट्रोलच्या कारखान्यांवरील हल्ल्यांना आणखी आधी सुरुवात झाली असती तर युद्ध किती लवकर संपले असते, यावर इतिहासकारांत अजून वाद आहेत. १९४३ मध्ये सोबतीला लांब पल्ल्याची लढाऊ विमाने नव्हती, त्यामुळे त्या वर्षी लॉयनाइतक्या आत जाऊन पुन्हापुन्हा मारा करणे शक्य नव्हते, हे म्हणणे पटण्यासारखे आहे. १९४४ च्या मार्चमधील दिरंगाईचे मात्र तसे समर्थन करता येत नाही.

न्यूरेंबर्ग येथे १९४७-४८ मध्ये आय. जी. फार्बेनच्या २३ अधिकाऱ्यांवर खटला चालला आणि १३ जण दोषी ठरले. क्राउख आणि ब्युटेफिश यांना प्रत्येकी सहा वर्षांची शिक्षा झाली. दोघेही मुदतीआधीच सुटले. ब्युटेफिश याला १९६४ मध्ये पश्चिम जर्मन सरकारने मोठा राष्ट्रीय सन्मान दिला आणि ओरड होताच काही दिवसांत तो परत घेतला.